तार कुठे संपते ते आधी विचारा : नवापूर तालुक्यात ब्रॉडबँड घेताना

नवापूर शहरात किंवा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर घरासाठी, दुकानासाठी, शाळेसाठी किंवा पोल्ट्रीसाठी नेट घ्यायचे ठरले, की पहिली चौकशी होते कंपनीची आणि दुसरी महिन्याच्या पैशांची. फायबर, एअरफायबर, मोबाइलचा हॉटस्पॉट, छतावरची रेडिओची डिश आणि आता उपग्रह, असे पर्याय समोर असतात आणि प्रत्येकाच्या जाहिरातीतला एमबीपीएसचा आकडा भरघोसच असतो. या दोन्ही चौकशा गरजेच्या आहेत, पण त्यांच्याआधी एक तिसरी व्हायला हवी. ऑप्टिकल फायबरची तार आपल्या घराच्या दिशेने नेमकी कुठवर आली आहे, आणि तिथून पुढचे अंतर कशाने कापले जाते? बिनतारी म्हणून विकले जाणारे प्रत्येक कनेक्शन कुठेतरी तारेलाच मिळते. मोबाइलचा टॉवर, ग्रामपंचायतीवरची डिश, अगदी उपग्रहाचे जमिनीवरचे केंद्रसुद्धा. म्हणून तार चांगली की बिनतारी चांगले, असा सामना लावण्यात अर्थ नाही. तार संपते तिथपासून घरापर्यंतचा बिनतारी टप्पा जितका लांब, जितक्या लोकांत वाटलेला आणि जितका झाडाडोंगरांतून जाणारा, तितके ते कनेक्शन कच्चे. हा एक निकष लावला तर सीमेवरच्या, डोंगराळ आणि भरपूर पावसाच्या या तालुक्यात कोणी काय घ्यावे हे बरेचसे उलगडते, आणि ग्रामसभेने कशासाठी आग्रह धरावा हेही.

तालुक्यातून सुरत-धुळे महामार्ग जातो, पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गही इथूनच जातो. दूरसंचार कंपन्या लांब पल्ल्याच्या तारा बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेने टाकतात आणि रेल्वेची रेलटेल कंपनी रुळांच्या कडेने, कारण तिथे जमीन सलग एकाच खात्याची असते आणि परवानगीसाठी शंभर दारे ठोठवावी लागत नाहीत. त्यामुळे नवापूर शहर, महामार्गावरची विसरवाडी, रेल्वेवरची चिंचपाडा आणि खांडबारा ही गावे तारेच्या हिशेबाने जवळची. आत डोंगराच्या बाजूला गेले की चित्र बदलते. इथली बरीच आदिवासी गावे एका गावठाणात दाटीने वसलेली नाहीत. एका महसुली गावाचे अनेक पाडे असतात आणि पाड्यातली घरेही आपापल्या शेताच्या कडेला विखुरलेली असतात. सरकारी कागदावर गाव जोडले गेले, याचा अर्थ ग्रामपंचायतीच्या इमारतीत तार पोहोचली, एवढाच. तिथून शेवटच्या पाड्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर असू शकतात आणि मध्ये ओहोळ, सागाची झाडे, एखादी टेकडी. नवापूरचा खरा ब्रॉडबँडचा प्रश्न या दोन-तीन किलोमीटरांचा आहे.

आधी तारेचा हिशेब पाहू. घरोघरी फायबर देण्याची आज सर्वाधिक रूढ पद्धत जीपॉन या नावाने ओळखली जाते. कंपनीच्या केंद्रातून निघालेली एक तार स्प्लिटर नावाच्या छोट्या डबीत ३२ किंवा ६४ घरांना वाटली जाते. केंद्रापासून घरापर्यंत साधारण २० किलोमीटर अंतर ती पेलते आणि मध्ये कुठेही वीज लागत नाही. तारेवरून घरांकडे सेकंदाला जवळजवळ २.५ गिगाबिट माहिती येते आणि उलट दिशेला १.२५ गिगाबिट जाते. ३२ घरे एकाच क्षणी पूर्ण वापर करू लागली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ७५ एमबीपीएसच्या वर येतात. केंद्रातून पुढे कंपनीने पुरेशी जोडणी घेतली असेल, एवढीच अट. प्रकाश काचेतून जाताना क्षीण होतो तो किलोमीटरला जेमतेम ०.३५ डेसिबल. खरी घट होते ती डबीत वाटणी होताना, ३२ घरांसाठी सुमारे १७ डेसिबल. म्हणजे केंद्रापासून घर आठ किलोमीटरवर आहे की दोन, याने फारसा फरक पडत नाही. सांधे नीट जुळवलेत का, याने पडतो. ग्राहकाने इथे एक साधी गोष्ट करावी. कनेक्शन बसवायला आलेल्या माणसाला प्रकाशाची पातळी मोजून दाखवायला सांगावी. त्याच्याकडे त्यासाठी छोटे यंत्र असते. उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या दरम्यान आकडा असेल तर काम चांगले झाले. उणे २७ च्या आसपास असेल तर आज नेट चालेल, पण पहिल्या पावसात बॉक्सवरचा लाल दिवा लागेल. तो आकडा लिहून ठेवला की पुढे तक्रार करताना आधाराला काहीतरी असते.

जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेवरचे ब्रॉडबँड आता मागे पडले आहे आणि त्याची हळहळ वाटण्याचे कारण नाही. केंद्राच्या अगदी शेजारी ते २४ एमबीपीएसपर्यंत जाते आणि चार-पाच किलोमीटरवर एक-दोनवर येते. शिवाय तांबे गंजते, चोरीला जाते आणि वीज कडाडली की मोडेमसह जळते. काचेची तार वीज वाहून नेत नाही, हा पावसाळी भागातला तिचा मोठा गुण. मात्र खांबावरून ओढलेल्या तारेला आधारासाठी लोखंडी तार जोडलेली असेल, तर ती घराच्या भिंतीपर्यंत आणू देऊ नये.

आता टॉवरकडे वळू. चांगल्या स्थितीतल्या फोर-जीला २० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला तर एका दिशेला जास्तीत जास्त १५० एमबीपीएस देता येतात, तेही कागदावर. टॉवरच्या तीन बाजूंना तीन दिशा असतात आणि त्या दिशेतल्या साऱ्या फोनांनी मिळून ते वाटून घ्यायचे असतात. संध्याकाळी त्या बाजूला शंभर फोन एकाच वेळी व्हिडिओ पाहत असतील, तर अगदी आदर्श परिस्थितीतही वाट्याला दीड एमबीपीएस येतात. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. म्हणजे कागदावरच्या उत्तम टॉवरखालीसुद्धा गर्दीच्या वेळी कायद्याच्या व्याख्येतले ब्रॉडबँड मिळेलच असे नाही. दिवसा दहा वाजता वेग तपासून कनेक्शन घेणाऱ्याची रात्री नऊला निराशा होते, ती याच वाटणीमुळे. आणि टॉवरच्या मागे काय आहे, हा दुसरा भाग. टॉवरला फायबर आलेली असेल तर तो आपली पूर्ण ताकद देऊ शकतो. तो दुसऱ्या टॉवरवरून मायक्रोवेव्ह डिशने जोडलेला असेल आणि दुसराही तिसऱ्यावरून, तर त्या साखळीतली सर्वांत अरुंद कडी साऱ्यांचा वेग ठरवते. गावात पाण्याची टाकी कितीही उंच बांधली, तरी तिला भरणारा पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर शेवटच्या घराला पाणी पुरत नाही, तसेच हे. ‘फोनवर चार काड्या दिसतात, पण नेट चालत नाही’ ही तक्रार आपण सगळीकडे ऐकतो. काड्या दाखवतात तो फोन आणि टॉवर यांच्यातला दुवा. टॉवरच्या मागची कथा त्या सांगत नाहीत.

फाइव्ह-जीमुळे हे बदलते का? काही प्रमाणात. देशात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिच्यावर आधारित एअरफायबर आले. छतावर किंवा खिडकीत एक डबा बसतो, तो टॉवरशी बोलतो आणि घरात वाय-फाय देतो. ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कंपन्यांकडे सुमारे १०० मेगाहर्ट्झ रुंदी आहे, म्हणून वेग भरपूर. पण ही लहर आखूड आहे. ती भिंतीत, पानांत आणि टेकडीआड लवकर मरते. ७०० मेगाहर्ट्झची लांब लहर डोंगरापलीकडे बरी पोहोचते, पण तिथे रुंदी कमी, म्हणून वेगही कमी. लांब पोहोच आणि भरपूर वेग एकाच वेळी देणारी लहर नाही. म्हणून शहरात, टॉवर डोळ्यांसमोर दिसत असेल आणि गल्लीत फायबर आलेली नसेल, तर एअरफायबर जरूर घ्यावे. गल्लीत फायबर असेल तर तेच घ्यावे, भाव थोडा जास्त पडला तरीही. टेकडीआडच्या पाड्यावर मात्र बसवण्याआधी चाचणी करून दाखवा, हा आग्रह सोडू नये. बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. ज्या गावांत दुसऱ्या कोणाचीच रेंज नाही त्यांना ते उपयोगाचे आहे, पण त्यासाठी जुने सिम बदलून फोर-जीचे घ्यावे लागते आणि फोन ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा पकडणारा असावा लागतो, हे दुकानात विचारून घ्यावे.

नवापूरला आणखी एक अडचण आहे, ती सीमेची. इथल्या रेल्वे स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातमध्ये आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दूरसंचाराच्या नकाशावरही इथेच रेघ आहे. देशातली मोबाइल सेवा परवाना क्षेत्रांत, म्हणजे सर्कलमध्ये वाटलेली आहे आणि महाराष्ट्र व गुजरात ही वेगळी सर्कल आहेत. लहरींना सीमा कळत नाही. शहराच्या पश्चिमेला किंवा सीमेलगतच्या गावात फोन गुजरातमधल्या सोनगढकडचा टॉवर पकडतो आणि पडद्यावर रोमिंगचे चिन्ह दिसते. आता त्याचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत, पण फोनमध्ये डेटा रोमिंग बंद ठेवलेले असेल तर रेंज पूर्ण दिसूनही नेट बंद राहते. सीमेलगतच्या घरात ही सोय सुरू ठेवावी, हा एका मिनिटाचा इलाज आहे. तारेचे बंधन याहून कडक. इंटरनेट देणाऱ्या छोट्या कंपन्यांचे परवाने देशभराचे, सर्कलपुरते किंवा त्याहून लहान भागापुरते, अशा श्रेणींत दिले जात आले आहेत. पलीकडच्या गावात स्वस्त आणि चांगली सेवा देणारा केबलवाला चार किलोमीटरवर असला, तरी त्याच्याकडे महाराष्ट्राचा परवाना नसेल तर त्याच्याकडून तार घेऊ नये. ती अर्ध्यात तोडली गेली तर तक्रार कोणाकडे करायची, हे ग्राहकाला सांगता येत नाही.

आता पाड्यापर्यंतच्या त्या दोन-तीन किलोमीटरांकडे येऊ, कारण इथेच बिनतारी तंत्राची खरी जागा आहे. ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे काही पट्टे भारतात परवान्याशिवाय वापरता येतात. २०१८ मध्ये सरकारने ही मोकळीक बरीच वाढवली. दोन छोट्या डिश समोरासमोर लावून, एक फायबरच्या टोकाशी आणि एक पाड्यावरच्या शाळेच्या छतावर, शंभर एमबीपीएसच्या आसपास वेग नेता येतो आणि लहरींसाठी शुल्क लागत नाही. खर्च खांबांचा, डिशचा आणि बसवण्याचा. पण या डिश एकमेकींना दिसल्या पाहिजेत, आणि नुसत्या दिसून भागत नाही. लहर सुतासारखी सरळ जात नाही. ती मध्यावर फुगून जाते. ५.८ गिगाहर्ट्झवर दोन किलोमीटरच्या अंतरात मध्यभागी या फुगवट्याची त्रिज्या सुमारे पाच मीटर असते, पाच किलोमीटरच्या अंतरात आठ मीटर. यातला निदान साठ टक्के भाग झाडांपासून मोकळा हवा. म्हणजे दोन किलोमीटरच्या दुव्यात झाडाचा शेंडा दृष्टिरेषेच्या किमान तीन मीटर खाली असायला हवा. दुर्बिणीतून समोरची डिश दिसली म्हणून काम झाले असे समजणारे इथेच फसतात.

सागाची तर वेगळी गोष्ट आहे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण उभा असतो आणि सरकारी वर्षअखेर मार्चमध्ये असल्याने बरीचशी कामे आणि चाचण्या त्याच दिवसांत होतात. तेव्हा दुवा छान चालतो. जूननंतर पाने येतात, हातभर रुंद, आणि पावसात ती भिजलेली असतात. ओले पान या लहरींना पाण्याच्या पडद्यासारखे अडवते. जुलैत दुवा कोसळतो आणि दोष पावसावर जातो. खरे तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीला पाऊस फारसा बाधत नाही. पावसाने खरी घट होते ती १० गिगाहर्ट्झच्या वर, आणि ७०-८० गिगाहर्ट्झच्या डिशना तर नवापूरचा मुसळधार पाऊस सोसत नाही. म्हणून ठेकेदाराला दोन गोष्टी करारातच लिहून द्यायला सांगाव्यात. पाहणी उन्हाळ्यात झाली असेल तर पानांची उंची आणि पसारा धरून खांब किती उंच लागेल, आणि अंतिम बिलातली काही रक्कम ऑगस्टमधल्या चाचणीनंतरच मिळेल. साग दरवर्षी वाढतो, त्यामुळे खांबाला चार-पाच मीटरची जास्तीची सोय ठेवणे शहाणपणाचे. उंच खांबाला तडितरोधक आणि स्वतंत्र अर्थिंग हवेच. इथे काटकसर केली तर पहिल्याच मोसमात डिश, स्विच आणि शाळेचा संगणक एकदम जातो.

तारेच्या बाजूने बोलले की पहिला आक्षेप येतो तुटण्याचा, आणि तो रास्त आहे. महामार्ग रुंद होतो, पाण्याची पाइपलाइन पडते, जेसीबीचा दात तारेवर येतो आणि तालुका तासन्‌तास बंद राहतो. टॉवर तुटत नाही, असे लोक म्हणतात. पण तार तुटली की त्याच तारेवर उभे असलेले टॉवरही आंधळे होतात. तुटण्याचा धोका टॉवर घेतल्याने टळत नाही, फक्त दिसेनासा होतो. त्यावरचे उत्तर आहे तारेचे कडे करणे. एका दिशेने तुटली तर दुसऱ्या दिशेने माहिती फिरावी. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित भारतनेट या गावांना फायबर देण्याच्या कार्यक्रमात ग्रामपंचायती अशाच कड्याच्या रचनेत जोडायचे ठरले आहे. आधीची रचना फांदीसारखी होती. एका जागी तुटले की पुढची सगळी गावे गेली. खोदणाऱ्यांसाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आले. खोदण्याआधी त्यावर नोंद केली की त्या जागेखाली कोणाच्या तारा आहेत हे संबंधितांना कळते. ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने आपल्या प्रत्येक कामाच्या निविदेत ही नोंद बंधनकारक केली, तर एक पैसा खर्च न होता तुटण्याचे प्रमाण कमी होईल. घरगुती ग्राहकासाठी उपाय साधा आहे. मुख्य कनेक्शन फायबरचे घ्यावे आणि पर्याय म्हणून दुसऱ्या कंपनीचे मोबाइल सिम ठेवावे. दुसरी कंपनी निवडताना तिचा टॉवर वेगळ्या तारेवर आहे का, हे स्थानिक माणसाला विचारून पाहावे. दवाखाना, बँकेचे ग्राहक सेवा केंद्र, रेशन दुकान यांनी तर एकाच जोडणीवर विसंबू नयेच. याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात सप्टेंबर २०१० मध्ये देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आज रेशनच्या यंत्रावर अंगठा जुळायला नेट लागते, आणि नेट नसले तर रांगेतली बाई रिकाम्या पिशवीने परत जाते. जोडणी तुटण्याची किंमत तिच्यासारख्यांना मोजावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तालुक्यातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा मजुरीला दक्षिण गुजरातमध्ये जातात. वर्षातले कित्येक महिने कुलूप असलेल्या घरात महिन्याच्या भाड्याची तार कशाला? हे अगदी बरोबर आहे, आणि अशा घराने मोबाइलचे रिचार्जच घ्यावे. तार प्रत्येक घरात जायलाच हवी असे मी म्हणत नाही. ती प्रत्येक पाड्यावर जायला हवी. पाड्यावर शाळा, अंगणवाडी किंवा दुकान यांपैकी एका ठिकाणी फायबर आली, तर तिथून वाय-फाय वाटता येतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय, शुल्काशिवाय सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवता येते. दहा-वीस रुपयांत दिवसाचे नेट विकणे त्याला परवडावे म्हणून जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने नियम केला, की अशा केंद्राला फायबर जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारू नये. ही तरतूद दुकानदाराने कंपनीच्या माणसाला सांगावी, कारण तो सहसा व्यावसायिक लीज लाइनचा महागडा दर पुढे करतो. पाड्यावर तार आली की टॉवरलाही ती मिळू शकते आणि मागे राहिलेल्यांचे मोबाइल नेटही सुधारते, हा वरचा फायदा.

पोल्ट्रीवाल्यांचा विचार वेगळा करावा लागतो. शेडमध्ये बाहेरच्या माणसाची ये-जा जितकी कमी तितके रोगापासून रक्षण, म्हणून कॅमेरे वाढत आहेत. आठ कॅमेरे प्रत्येकी दोन एमबीपीएसने सतत बाहेर पाठवू लागले, तर १६ एमबीपीएसचा अपलोड लागतो, दिवसरात्र. मोबाइल आणि एअरफायबरच्या जाहिरातीत दिसतो तो खाली येण्याचा वेग. वर जाण्याचा त्याच्या कितीतरी कमी असतो आणि रोजच्या किंवा महिन्याच्या डेटाला मर्यादा असते. अशा ठिकाणी फायबर नसेल तर कॅमेऱ्याचे चित्रण शेडमध्येच डीव्हीआरवर साठवावे आणि बाहेर फक्त गरजेपुरते पाहावे.

तिसरा आक्षेप नवा आहे. उपग्रह येतोच आहे, मग तारेच्या मागे कशाला लागायचे? नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रहातून नेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्रावर सह्या केल्या, आणि त्यात गडचिरोली, धाराशिव, वाशिमबरोबर नंदुरबारचे नाव आहे. ही चांगली बातमी आहे. पूर्वीचे उपग्रही इंटरनेट ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या स्थिर उपग्रहांतून येई आणि प्रश्न-उत्तराच्या फेरीला सुमारे अर्धा सेकंद जाई, त्यामुळे व्हिडिओवर बोलणे अवघड होते. स्टारलिंकच्या सुमारे ५५० किलोमीटरवरच्या उपग्रहांमुळे तो अडसर गेला. पण एका उपग्रहाची क्षमता त्याच्या खालच्या मोठ्या भूभागात वाटली जाते, म्हणून दाट वापराला ते पुरे पडत नाही. डिशला आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो. सागाच्या वाडीतल्या घराला तो मिळत नाही. साध्या डिशला ७५ ते १०० वॅट वीज लागते, तर फायबरच्या बॉक्स आणि राउटरला मिळून दहा-पंधरा. सौर पॅनेलवर चालणाऱ्या आरोग्य उपकेंद्रात हा फरक मोठा आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यातल्या ज्या गावांत पुढची काही वर्षे तार पोहोचणार नाही, तिथे उपग्रह हाच पर्याय, आणि तो तिथेच आधी जावा. नवापूर महामार्ग आणि रेल्वे या दोन्हींवर बसलेला तालुका आहे. इथे उपग्रहाच्या नावाखाली तारेचे काम लांबले, तर तो तोटाच होईल.

विजेचा मुद्दा निघाला म्हणून सांगतो. फायबरच्या मध्ये वीज लागत नाही, पण दोन्ही टोकांना लागते. घरात हजार-दोन हजार रुपयांचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस बॉक्स आणि राउटरला काही तास चालवतो. तो जरूर घ्यावा. ग्रामपंचायतीतले यंत्र मात्र कार्यालयाला कुलूप लागले, मेन स्विच बंद झाला किंवा बिल थकले, की बंद पडते आणि गावाचे नेट जाते. त्या यंत्राला वेगळी वीजजोडणी आणि बॅटरी हवी. ती कोणाच्या जबाबदारीवर आहे ते ग्रामपंचायतीने नावानिशी ठरवावे.

सुधारित भारतनेटमध्ये देशातल्या सुमारे २.६४ लाख ग्रामपंचायतींशिवाय इतर ३.८ लाख गावांनाही तार देण्याची तरतूद आहे, पण ती ‘मागणीनुसार’. या एका शब्दावर बरेच अवलंबून आहे. जे गाव मागणार नाही त्याला ती मिळेलच असे नाही. नवापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणून पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. तार वनजमिनीतून न्यायची असेल तरी अडून बसण्याचे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या उपयोगासाठी वनजमीन देता येईल अशा कामांची यादी आहे आणि वीज व दूरसंचाराच्या तारा तीत स्पष्ट लिहिल्या आहेत. अटी अशा, की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. जमिनीखालून किंवा खांबावरून जाणाऱ्या फायबरला एवढी जमीन लागतच नाही. वनखात्याची परवानगी नाही, हे कारण कोणी सांगितले तर ग्रामसभेचा ठराव करून वनविभागाकडे या कलमाखाली प्रस्ताव द्यावा. भारतनेटच्या दुसऱ्या टप्प्याचे महाराष्ट्रातले काम राज्याच्या महाआयटी कंपनीने महानेट या नावाने केले आणि सुधारित कार्यक्रमाची अंमलबजावणी बीएसएनएलकडे आहे. त्यामुळे ठरावाची प्रत दोन्हींकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी.

ठरावात ‘गावाला इंटरनेट मिळावे’ एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या पाड्यावर, कोणत्या इमारतीत तार हवी, ग्रामपंचायतीपासून ती किती अंतरावर आहे, किती घरे आणि कोणकोणती सरकारी कामे त्यावर अवलंबून आहेत, हे लिहावे. सोबत मोजमाप जोडावे. ट्रायचे मायस्पीड अॅप कोणीही वापरू शकतो. प्रत्येक पाड्यावर एका शिक्षकाने किंवा आशाताईने आठवडाभर सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा खाली येण्याचा, वर जाण्याचा वेग आणि विलंब टिपून ठेवला, तर कुठे २ एमबीपीएसचीही व्याख्या पुरी होत नाही ते कागदावर येते. मोजताना वाय-फायचा दोष कनेक्शनवर ढकलला जाऊ नये म्हणून, जिथे फायबर आहे तिथे राउटरला लॅपटॉप तारेने जोडून मोजावे. कंपन्यांना आता आपल्या वेबसाइटवर रेंजचे नकाशे द्यावे लागतात. आपला पाडा त्या नकाशात रंगवलेला आहे आणि प्रत्यक्षात नेट नाही, असे आढळले तर त्याचा स्क्रीनशॉटही ठरावाला जोडावा. ही मोजणी पाने गळालेल्या दिवसांत करू नये. श्रावणात, साग पूर्ण पानांवर असताना करावी आणि तो तक्ता २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा.